आधी कुणाकडे गेलात?

समुपदेशकाच्या चुका सहसा चव्हाट्यावर येत नाहीत. शिवण उसवली तर गिऱ्हाईक कापड घेऊन शिंप्याच्या दारात येतं, भांडतं. आमच्याकडचं माणूस नुसतं यायचं थांबतं. वहीत त्याच्या नावापुढे ‘पुन्हा आले नाहीत’ असा शेरा मारला की आपण मोकळे. डोलवी-वडखळ भागात काम करताना माझ्या वहीत असे शेरे बरेच साठले. त्यातले काही माझ्यामुळे होते. ते इथं लिहिते आहे, कारण हल्ली ‘आदिवासींच्या श्रद्धा आणि विधी समुपदेशनात सामावून घ्या’ हे वाक्य प्रत्येक कार्यशाळेत ऐकू येतं. ते न करता काय बिघडतं हे मी पाहिलं, आणि करायला गेल्यावर काय बिघडतं हेही. माणसांची ओळख लागू नये म्हणून तपशील बदलले आहेत, वाड्यांची नावं देत नाही.

डोलवी पेण तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गाला लागून. एका अंगाला अंबा नदी आणि धरमतरची खाडी, मध्ये अवाढव्य पोलाद कारखाना, आजूबाजूला खारबंदिस्तीच्या आड भात पिकवणारी आगरी गावं आणि डोंगराकडे कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या वाड्या. रोह्याच्या बाजूला उतरलं तरी वाड्यांचं चित्र फारसं बदलत नाही. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड हे महाराष्ट्रातले तीन समाज केंद्र सरकारच्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत मोडतात. खैरापासून कात काढणारे ते कातकरी. जंगल सरकारी झालं तसा तो धंदा गेला आणि इंग्रजांनी १८७१च्या कायद्याखाली मारलेला ‘गुन्हेगार जमाती’चा शिक्का तेवढा मागे राहिला. आज दिवाळी झाली की वाड्या रिकाम्या होतात. कुणी वीटभट्टीवर, कुणी कोळशाच्या भट्ट्यांवर पार कर्नाटकापर्यंत. पावसाच्या तोंडावर माणसं परततात. आमच्या संस्थेचं वर्ष मात्र एप्रिल ते मार्च चालायचं. वाडी रिकामी असे तेव्हा आमचा निधी हातात असायचा आणि वाडी भरली की आम्ही अहवाल लिहीत बसायचो. इतकी साधी गोष्ट जुळवून घ्यायलाही आम्हाला फार वेळ लागला.

मी पुण्यात वाढले, तिथंच मानसशास्त्रात एम.ए. केलं. आमच्या घरात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं नाव आदरानं घेतलं जाई. २० ऑगस्ट २०१३ला त्यांचा खून झाला आणि त्या वर्षाअखेर जादूटोणाविरोधी कायदा आला, तेव्हा आम्ही मैत्रिणी त्यावर तावातावानं बोलायचो. ‘भगत’ म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर मिरच्यांची धुरी आणि झाडूचे फटके यायचे. ते खोटं नव्हतं. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून मारणं, धुरी देणं, साप-विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र टाकत बसणं, हे सगळं त्या कायद्याच्या अनुसूचीत आहे. पण ज्यानं कुणाला शारीरिक इजा होत नाही, आर्थिक नुकसान होत नाही अशा धार्मिक विधींना हा कायदा हात लावत नाही, हेही त्यातच लिहिलेलं आहे. मी कार्यशाळांत हा कायदा शिकवायचे, पण तो शेवटपर्यंत वाचलेला नव्हता.

त्या अर्ध्या वाचनातून माझा फॉर्म तयार झाला. नाव, वय, झोप, भूक आणि खाली एक रकाना: ‘अंधश्रद्धा – आहे / नाही’.

पहिली मोठी चूक याच रकान्यात झाली. एक तरुण कातकरी विधवा माझ्याकडे यायची. नवरा कोळशाच्या भट्टीवर गेला होता, तिथंच वारला, मुकादमानं तिथंच उरकून टाकलं. ती म्हणाली, “तो रात्री येतो. दारात उभा राहतो, पाणी मागतो.” मी विचारलं, आवाज बाहेरून येतो की डोक्यात? शब्द कळतात का? तुमच्याबद्दल वाईट बोलतो का? तिनं जमेल तशी उत्तरं दिली. मी ‘श्राव्य भास?’ असं लिहून ‘अंधश्रद्धा – आहे’वर खूण केली. बोलण्याच्या ओघात ती म्हणाली होती, “त्याचं दिवस राहिल्यात.” ते मी ऐकलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मग तिला श्वासाचा व्यायाम शिकवला आणि झालेलं स्वीकारावं लागतं, असं समजावलं. तिनं सगळं मुकाट केलं. मग ती यायची थांबली.

आमच्याबरोबर त्याच वाडीतली एक मुलगी काम करायची. तिला मी विचारलं, ती बाई का येत नाही? मुलगी जरा घुटमळली आणि म्हणाली, “ताई, तुम्ही तिला त्याला विसरायला सांगितलंत. तो अजून गेलाच नाही, तर ती विसरणार कशी?”

त्या बाईला स्वतःला काही झालंय असं वाटतच नव्हतं. नवऱ्याचे दिवस घालायचे राहिले होते. त्यासाठी तांदूळ हवे होते, दारू हवी होती, गाणारा हवा होता आणि भट्टीवर गेलेले भाऊबंद परत यायला हवे होते. वाडी भरेपर्यंत मेलेल्या माणसानं दारात ताटकळणं तिच्या हिशेबात बसत होतं. तिला घोर होता तो उशिराचा, आणि तेवढ्याचसाठी ती माझ्याकडे आली असावी, संस्थेकडून तांदळाची सोय होईल का हे विचारायला. ते विचारायची वेळ मी येऊच दिली नाही.

पावसाआधी माणसं परतली आणि दिवस घातले गेले. त्या मुलीनं विचारून मला नेलं. गाणाऱ्यानं काशाची थाळी पुढ्यात घेतली, मेणानं तिच्यावर एक बारीक काडी उभी चिकटवली आणि चिमटीत धरून ती वरून खाली ओढत राहिला. त्यातून एक संथ घुमारा निघतो, आणि त्यावर गाणं चालतं. गाण्यातलं मला थोडंच कळलं. बऱ्याच रात्रीनंतर मयताच्या चुलतभावाच्या अंगात तो आला. बायका त्याच्या गळ्यात पडल्या, पाणी पाजलं, रडल्या. आणि ही बाई, जी माझ्या खोलीत मान वर करत नव्हती, ती त्याच्यावर कडाडली. मला न विचारता मुकादमाची उचल का घेतलीस? पोरांना कुणाच्या जिवावर टाकलंस? त्यानं, म्हणजे चुलतभावानं, मान खाली घातली. सगळी वाडी ऐकत होती.

दुःखाच्या पोटात राग असतो आणि तो बाहेर पडायला जागा लागते, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. माझ्या खोलीत ती एकदाही चिडली नव्हती आणि ते मी ‘सहकार्य चांगले’ म्हणून नोंदवलं होतं.

यानंतर मी नम्र झाले असते तर बरं झालं असतं. मी उत्साही झाले. वाचायला लागले. सुधीर कक्करांचं १९८२चं ओझा, पीर, वैद्य यांच्यावरचं पुस्तक वाचलं. तमिळनाडूतल्या एका देवळात राहिलेल्या ३१ मनोरुग्णांचा अभ्यास २००२मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला होता, कुठलेही खास उपचार नसताना त्यांची लक्षणं मोजपट्टीवर सुमारे १९ टक्क्यांनी उतरली होती. न्यूझीलंडच्या माओरी समाजातले मानसोपचारतज्ज्ञ मेसन ड्युरी यांनी शरीर, मन, कुटुंब आणि आत्मा या चार भिंतींचं आरोग्याचं घर मांडलं होतं. हे सगळं मला इतकं पटलं की मी त्याचा प्रकल्प करून टाकला: ‘एकात्मिक समुपदेशन’. त्याच तमिळनाडूत, एरवाडीला, ६ ऑगस्ट २००१ रोजी श्रद्धास्थानाच्या आधारानं चालणाऱ्या एका आश्रयगृहात आग लागून साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण जळून मेले होते. तेही मला ठाऊक होतं. पण प्रस्तावात मी देवळाचा अभ्यास घातला आणि एरवाडी गाळलं.

प्रकल्पात भगत हवा होता. थाळी वाजवून गाणारा तो म्हातारा वाडीत भगतपणही करायचा. मी त्याला प्रशिक्षणासाठी बोलावलं: समाजमंदिरात, सकाळी अकराला, मागं फलक लावून, मानधन देऊन. शिकाऊ कार्यकर्त्यांना विधी ‘दाखवा’, असं मी त्याला सांगितलं. तो आला, थाळी समोर ठेवून बसला आणि सुरूच करेना. मग हळूच म्हणाला, “बाय, मेलाय कोण?”

मी हसून म्हटलं, कुणी नाही, नुसतं दाखवण्यापुरतं. तो म्हणाला, “मंग बोलवू कुनाला?” मी आग्रह केला. संस्था वाडीत रेशनकार्डांची, जातीच्या दाखल्यांची कामं करत होती, मला नाही म्हणणं त्याला परवडणारं नव्हतं. त्यानं थोडा वेळ थाळी वाजवली. गायला नाही. कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं, ते फिरत फिरत वाडीत पोचलं. भगतानं दिवसाउजेडी, पैसे घेऊन, मेलेलं कुणी नसताना थाळी मांडली यावरून वाडीत तंटा झाला. पुढं ज्यांच्या घरी दिवस होते त्यांनी दुसऱ्या वाडीतला गाणारा आणला. म्हाताऱ्याचा मान जायला माझा एक प्रशिक्षण-दिवस पुरला.

त्याच प्रशिक्षणात मी त्याला एक तक्ताही दिला होता: कोणती लक्षणं दिसली की रुग्ण आमच्याकडे पाठवायचा. चित्रं काढलेला, रंगीत. त्यानं तो घडी घालून खिशात ठेवला.

भगताचा शब्द वाडीत आधीच वजनदार असतो. त्यावर मी संस्थेचा शिक्का मारायला निघाले होते. तोच शब्द उद्या एखाद्या म्हातारीकडे बोट दाखवून ‘हिनं केलंय’ म्हणाला असता, तर माझा शिक्का त्याच्यावरही असता. कुणी कुणावर करणी केली असं जाहीर करणं कायद्यानं गुन्हा आहे. हा म्हातारा तसा नव्हता, पण मी त्याची निवड करताना हे विचारलंसुद्धा नव्हतं. मला त्याची थाळी आवडली होती, एवढंच.

पुढं कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाच्या २०१५च्या शिफारशी वाचनात आल्या. बाविसावी शिफारस आदिवासींच्या उपचारपद्धतींचं मोल ओळखायला सांगते, त्या त्या समाजातल्या वैदूंच्या आणि जाणत्यांच्या सहकार्यानं त्यांचा वापर करायला सांगते. पण त्यात एक अट आहे: रुग्णानं मागितलं तर. माझ्या प्रकल्पात मागणारं कुणी नव्हतंच. विधी मला हवा होता, निधी देणाऱ्यांना हवा होता. रुग्ण त्यात कुठंच नव्हता.

तिसरी चूक मला अजूनही छळते, कारण तीत एका मुलीला इजा झाली. खाडीकाठच्या आगरी घरातली आठवीतली पोर. अंगात वारं येतं, असं घरचे म्हणाले. देवीचा कौल लावला होता, चैत्रात कार्ल्याला एकवीरेच्या पायाशी न्यायचं ठरलं होतं. आधीच्या दोन फजित्यांनंतर मी शहाणी झाले होते. आता कुणाच्या श्रद्धेत नाक खुपसायचं नाही, असा माझा निश्चय. शाळेचा ताण विचारला, आईशी कसं जमतं ते विचारलं आणि ‘यात्रेनंतर भेटू’ म्हणाले. वारं येतं तेव्हा जीभ चावली जाते का, कपड्यात लघवी होते का, नंतर गाढ झोप लागते का, एकटी असतानाही येतं का, यातलं एकही मी विचारलं नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे प्रश्न येतात. विधवेला मी नको तितके प्रश्न विचारले होते, हिला हवे तेवढेही नाहीत. यात्रेआधीच ती चुलीवर कोसळली आणि तिचा हात भाजला.

अपस्मार होता. आगरीत सगळे सरळ ‘फिट’ म्हणतात. भाजलेल्या हातासाठी सरकारी दवाखान्यात नेली तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी काही मिनिटांत ओळखलं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की योग्य औषधं नीट घेतली तर या आजाराचे ७० टक्क्यांपर्यंत रुग्ण झटक्यांशिवाय जगू शकतात. औषधं साधी असतात, पण रोज घ्यावी लागतात आणि एकदम थांबवायची नसतात. मी आदर म्हणून गप्प बसले होते. खरं सांगायचं तर तो आदर नव्हता, पुन्हा चुकायची भीती होती.

त्या घरात मुलीची आजी धवलारीण होती. आगरी लग्नात धवले गाऊन विधी लावून देणाऱ्या या बायका. पुष्कळ घरांत लग्न त्यांच्या तोंडून लागतं. मला वाटलं, गोळ्यांना आता हीच विरोध करणार. मी तयारीनं गेले होते, चित्रं घेऊन. आजीनं गोळ्यांचं पाकीट माझ्या हातून घेतलं, देवीपुढे ठेवलं, हळद-कुंकू लावलं आणि सुनेला म्हणाली, “रोज रातीला हितूनच उचलून देवाची. चुकवशील तर देवीला जाब द्यावा लागंल.” मग माझ्याकडे वळून विचारलं, गोळी किती वर्षं? एखाद दिवशी राहिली तर काय करायचं? मी फोनवर डॉक्टरांना विचारून सांगितलं. गोळ्या चुकल्या नाहीत. यात्राही झाली. जे एकत्र आणायला मी प्रस्ताव लिहीत होते ते त्या बाईनं चहा उकळेपर्यंत करून टाकलं, आणि त्यातलं माझं काम एवढंच होतं: गोळीबद्दलची नेमकी माहिती देणं. तेवढंही आधी मी केलं नव्हतं.

एक चूक मात्र भगताची आणि माझी सामायिक आहे. एक कातकरी गडी सारखा प्यायचा, झोपायचा नाही, कुणाशी बोलायचा नाही. बायकोनं त्याला आधी भगताकडे नेलं. तो म्हणाला, मूठ मारलीय. मग माझ्याकडे आणलं. मी म्हटलं, व्यसन आणि नैराश्य. दोघांनीही बिघाड त्या माणसाच्या आत शोधला. त्याच्या डोक्यावर उचल होती. गेल्या हंगामाची फिटली नव्हती, मुकादम तीच पुढच्या हंगामात ओढत होता आणि आता पोराला कामावर आण म्हणत होता. १९७६च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं असं कर्ज रद्दच होतं. तक्रार तहसीलदाराकडे, प्रांताकडे करता येते. हे मला माहीत होतं, पण ते मी ‘माझ्या विषयाबाहेरचं’ समजत होते. आमच्याकडच्या कार्यकर्त्यांनी त्याची तक्रार लिहून घेतली तेव्हा तो पहिल्यांदा सलग बोलला. दारू सुटली नाही. झोप लागायला लागली.

आता फॉर्ममधला तो रकाना गेला. त्या जागी तीन प्रश्न आहेत. आधी कुणाकडे गेलात? त्यांनी काय सांगितलं? त्यातलं काय करायचं राहिलंय? तिसऱ्या प्रश्नाला सगळ्यात लांब उत्तरं येतात. कुणाचे दिवस राहिलेले असतात, कुणाचा नवस, कुणाची मजुरी. जे राहिलंय ते करायला मी जात नाही. फक्त त्याच्या आड येत नाही आणि काय राहिलंय ते लक्षात ठेवते. जीव द्यायचा विचार, झटके, ताप, मारहाण, बांधून ठेवणं, सर्पदंश – इथं मात्र मी कुणाच्या श्रद्धेसाठी थांबत नाही, आणि तसं पहिल्याच भेटीत सांगून टाकते. लोकांना त्याचा राग येत नाही. अशा वेळी दवाखाना लागतो हे त्यांनाही मान्यच असतं. खोळंबा बहुतेक वेळा गाडीभाड्याचा असतो.

विधी पाहायला मी बोलावल्याशिवाय जात नाही. गेले तर वही नेत नाही. ‘एकात्मिक’ प्रकल्प मी मुदतीआधी बंद केला. अहवालात कारण लिहिलं: लाभार्थ्यांकडून मागणी नाही. निधी देणाऱ्यांना ते रुचलं नाही.

म्हाताऱ्याची मी माफी मागितली. त्यानं ‘ऱ्हाऊ दे’ म्हटलं, पण त्याला थाळीसाठी बोलावणं यायला नंतरही बराच काळ गेला, आणि तो माफीनं भरून निघत नाही. मध्यंतरी त्यानं एक बाई माझ्याकडे पाठवली. बाळंतपणानंतर तिची झोप उडाली होती, पोराला जवळ घेत नव्हती, विहिरीकडे जाऊन उभी राहायची. निरोप असा होता: हे माझ्याकडचं नाही, लवकर बघा. माझ्या तक्त्यात बाळंतिणीचं चित्रच नव्हतं. आम्ही तिला त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेलं.

माझे विद्यार्थी विचारतात, मग भगत तुमच्या टीममध्ये आहे का? नाही. मीही त्याच्या कुणात नाही. तो माझ्याकडे माणसं पाठवतो. मी त्याच्याकडे कुणाला पाठवत नाही. तसं पाठवणं हा मला माझा अधिकार वाटत नाही, आणि ज्यांना जायचं ते माझ्याकडे यायच्या आधीच जाऊन आलेले असतात.